वनस्पतींचा घास, माशांचा श्वास

तंजावराहून दक्षिणेस पट्टुकोट्टैच्या दिशेने निघाले, की वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव लागते. मराठी माणसाला या गावाची ओळख असलीच, तर ती तेथील मुक्तांबाळ छत्रामुळे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या प्रीतीतील मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास हे छत्र उभारले, आणि वाटसरूंना अन्न व विद्यार्थ्यांना आसरा देण्याची व्यवस्था तेथे लावून दिली. पण आजचा विषय छत्राचा नाही. तो त्याच मुलखातल्या पाण्याचा, पाण्यातल्या वनस्पतींचा आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या माशांचा आहे. आणि पुढे याच तिघांना काचेच्या पेटीत कोंडून घरात मांडण्याचा जो छंद अलीकडे पुष्कळांना लागला आहे, त्याचा आहे.

ओरत्तनाडुचा मुलूख कावेरीच्या नव्या त्रिभुज प्रदेशात मोडतो. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि कल्लणैपासून काढलेल्या ग्रँड अनिकट कालव्याने या बाजूच्या कोरड्या जमिनीला कावेरीचे पाणी मिळू लागले. धरणात पुरेसा साठा असला म्हणजे प्रथेप्रमाणे १२ जूनला दरवाजे उघडतात. मग कालवे वाहू लागतात आणि गावोगावची तळी भरून घेतली जातात. या तळ्यांत कमळे असतात, कुमुदे असतात, पाण्याखाली हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरियाच्या फितीसारख्या पानांचे रान माजलेले असते. त्यात कटला, रोहू, मृगळ हे मासे सोडतात. ज्यांनी अशा तळ्याच्या काठी पहाट काढली आहे, त्यांनी एक दृश्य हटकून पाहिलेले असते. पूर्वेला अजून उजाडावयाचे आहे, वारा पडलेला आहे, पाणी काचेसारखे स्थिर आहे, आणि मासे मात्र वर येऊन, तोंडे पृष्ठभागाला लावून, एकसारखी उघडझाप करीत आहेत. नवख्याला वाटते, मासे खाणे मागत आहेत. तळ्याच्या मालकाला ठाऊक असते, की ते श्वास मागत आहेत. सूर्य वर आला आणि तासभर गेला, की हेच मासे निमूटपणे खाली जातात.

या दृश्याचा अर्थ लावण्याचे श्रेय यान इंगेनहूज या डच वैद्याकडे जाते. इंग्लंडमधील प्रीस्टली याने १७७१ साली दाखवून दिले होते, की मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याची एक फांदी पुन्हा सुधारू शकते. परंतु त्याचा प्रयोग कधी साधे, कधी साधेना. १७७९ साली इंगेनहूजने त्याचे कारण सांगितले: वनस्पतीचा हिरवा भाग हवा सुधारतो तो उजेडात, अंधारात ती वनस्पतीदेखील प्राण्यांप्रमाणेच हवा बिघडविते. म्हणजे दिवसा ती कार्बन डायऑक्साइड, ज्याला जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बाम्लवायू म्हणत, तो घेते आणि प्राणवायू सोडते. रात्री मात्र ती फक्त श्वसन करते. तळ्यात रात्रभर मासे, वनस्पती, शेवाळे आणि गाळातले जंतू असे सारेच प्राणवायू खर्चितात व कर्बाम्लवायू सोडतात. पहाटे पहिल्याचा साठा सर्वांत कमी आणि दुसऱ्याचा सर्वांत जास्त असतो. मद्रासचे जलशास्त्रज्ञ एस. व्ही. गणपती यांनी १९४० साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एका देवळाच्या तळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या तळ्याचे पाणी सूक्ष्म शैवालाने बारमाही हिरवे असे. आपल्याकडील तळी ही केवळ तीर्थे नसून त्यांचेही एक रसायनशास्त्र आहे, हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत गणपतींची गणना केली पाहिजे.

तळ्यातले सर्वच मासे पहाटे असे कासावीस होत नाहीत, हेही येथे सांगावयास हवे. मरळ मासा, ज्याला तमिळमध्ये विराल म्हणतात, वर येऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. त्याचा एक सोबती तर पनैयेरी केंडै, म्हणजे ताडावर चढणारा मासा, या नावानेच ओळखला जातो. तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीतील डाल्डॉर्फ या लष्करी अधिकाऱ्याने १७९१ साली हा मासा ताडाच्या बुंध्यावर चढताना पाहिल्याचे लिहून ठेवले, आणि लंडनच्या लिनियन सोसायटीने ते १७९७ साली छापले. ताडाची गोष्ट कोणी खरी माना, कोणी मानू नका. हा मासा हवेतून श्वास घेतो यात शंका नाही. उष्ण प्रदेशातील साचलेल्या पाण्यात शतकानुशतके गुदमरत राहिलेल्या कुळांनीच हा दुसरा मार्ग शोधून काढला. रोहू-कटल्यांना तो मार्ग नाही, आणि मत्स्यपेटीत हौसेने पाळल्या जाणाऱ्या बहुतेक चिमुकल्या माशांनाही नाही.

आता तळ्यातून पेटीकडे येऊ. पाण्यातील वनस्पती आणि मासे यांचा जमाखर्च काचेच्या भांड्यात जमवून दाखविण्याचे काम लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९-५० मध्ये केले. सुमारे बारा गॅलनांचे भांडे, त्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाचे एक रोप, एवढेच त्याचे साहित्य होते. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा ती खाण्यासाठी त्याने काही गोगलगाई सोडल्या, आणि गाडे सुरळीत चालू झाले. ओरत्तनाडुच्या कालव्यात जे रोप गवतासारखे माजते, त्याच्याच भाऊबंदाने मत्स्यपेटीचा पाया घातला, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबांनी काचेआडचे मासे प्रथम पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली उघडले. तेथून परतताना किती मुलांनी घरी पेटीचा हट्ट धरला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही!

वॉरिंग्टनच्या पेटीत बाहेरून वायू घालावा लागत नव्हता. मग आता तो का घालतात? याचे कारण हौसेच्या वाढलेल्या पायरीत आहे. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने पाण्याखाली जणू दऱ्याखोऱ्या आणि कुरणे रचून दाखविली. १९९० नंतर त्याच्या पुस्तकांनी जगभर या कलेचे वेड पसरविले. अशा रचनेला दाट, लाल-हिरव्या, झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लागतात. त्यांना प्रखर उजेड लागतो, आणि उजेड वाढला की त्यांची कर्बाम्लवायूची भूकही वाढते. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी मंदगतीने पसरतो; शिवाय हवेशी समतोल राखून असलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असते. ही उपासमार टाळण्यासाठी हौशी लोक सिलिंडरमधून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने वायू सोडतात आणि त्याचे प्रमाण लिटरला वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. वनस्पतींना हे पंचपक्वान्न आहे. पण त्याच ताटाच्या कडेला मासे बसलेले आहेत, याचा विसर पडतो, आणि अनर्थ होतो.

तो किती थोडक्यात होऊ शकतो, हे एका हिशेबाने कळेल. शंभर लिटरांच्या पेटीत लिटरला तीस मिलिग्रॅम म्हणजे एकंदर तीन ग्रॅम वायू. चांगल्या दमदार सोडावॉटरच्या एका लिटरात सहा-आठ ग्रॅम कर्बाम्लवायू असतो. म्हणजे गोटी सोड्याच्या दोन-तीन बाटल्यांत जेवढा फसफसाट असतो, तेवढ्यानेच ही पेटी सुरक्षिततेच्या काठावर येऊन उभी राहते; आणखी तेवढाच भरला, तर काठ ओलांडला. सिलिंडरमध्ये मात्र ग्रॅम नव्हे, किलोग्रॅम भरलेले असतात. एक किलो वायूत शंभर लिटरांच्या तीनशेहून अधिक पेट्या या काठावर आणण्याचे सामर्थ्य आहे. सारी कला त्या सामर्थ्याला थेंबाथेंबाने सोडण्यात आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की वनस्पती भरपूर प्राणवायू सोडीत आहेत, पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसत आहेत, तेव्हा माशांना कसले भय? पण पाण्यात विरघळलेले हे दोन वायू एकमेकांची जागा अडवीत नाहीत. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात. मासा आपल्या रक्तातील कर्बाम्लवायू कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो, तो केवळ रक्तातील प्रमाण पाण्यातल्यापेक्षा अधिक असते म्हणून. पाण्यातच तो वाढला, की बाहेर जाण्याचा उतार नाहीसा होतो आणि रक्त आम्ल बनू लागते. १९०४ साली कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोर याने आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले, की कर्बाम्लवायू वाढला म्हणजे रक्ताची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते. पुष्कळ माशांत हा परिणाम विशेष तीव्र असतो. म्हणून प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरून मरू शकतो. भरल्या घरात उपाशी मरावे, तसाच हा प्रकार आहे.

ओरत्तनाडुसारख्या गावी एखाद्या शाळामास्तरांनी अशी पेटी मांडली, असे समजा. त्यांच्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतील? पहिली उन्हाची. वीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर तो साडेसातवर येतो, आणि मे महिन्यात घरातील पाणी त्याहूनही तापते. थंड देशातील पुस्तकात लिहिलेले वायूचे प्रमाण या हवेत जसेच्या तसे उचलणे धोक्याचे. दुसरी अडचण रात्रीची. दिवे मालवल्यावर वनस्पती वायू खात नाहीत, उलट सोडतात. त्यात सिलिंडरचा वायूही चालूच राहिला, तर पहाटेपर्यंत पेटीत गावच्या तळ्यापेक्षा कितीतरी भयंकर अवस्था निर्माण होते. म्हणून वायूचे घड्याळ उजेडाच्या घड्याळाला बांधून टाकतात. दिवे लागण्यापूर्वी तासभर किंवा थोडा आधी वायू सुरू व्हावा आणि दिवे मालवण्यापूर्वी तासभर तो बंद व्हावा. हे काम माणसाच्या आठवणीवर न सोपविता विजेवर चालणाऱ्या झडपेवर आणि टायमरवर सोपविणे बरे. आठवणीला रविवार असतो, लग्नकार्ये असतात. रात्री हवेचा लहानसा पंप चालू ठेवला, तर उरलासुरला वायू उडून जातो.

तिसरी अडचण वीज जाण्याची. झडप अशी निवडावी, की वीज गेल्यावर ती आपोआप मिटेल. केवळ हाताने फिरविण्याच्या चावीवर भरवसा ठेवला, तर दिवे विझतात, पंप थांबतो, आणि वायू तेवढा वाहत राहतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ या भागावरून गेले, तेव्हा ओरत्तनाडु-पट्टुकोट्टै पट्ट्यातील नारळीच्या बागा भुईसपाट झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. ज्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे पडली, त्यांच्यापुढे मत्स्यपेटीचे दुःख सांगणे शोभणारे नाही. तरीही इतके म्हणावयास हवे, की अशा मुलखात यंत्रावर जगणारी पेटी मांडणाऱ्याने यंत्र थांबल्यावर मासे काय करतील, याचा विचार आधी केलेला असावा.

प्रमाण मोजावयाचे कसे, हा प्रश्न राहतो. पाण्याची कार्बोनेट कठिणता आणि पीएच यांवरून ते काढण्याचे एक सूत्र आहे. कठिणता चार अंश आणि पीएच ७ असेल, तर लिटरला सुमारे बारा मिलिग्रॅम; पीएच ६.६ वर आला, तर तीस, ६.३ वर आला, तर साठ. आकड्यांतील हा उतार ध्यानात घ्यावा: पीएचमध्ये दिसावयास तीन दशांशाचा फरक, पण वायू दुप्पट. मात्र पाण्यात लाकडाचा अर्क उतरला असेल किंवा इतर आम्ले असतील, तर हे सूत्र फसवते. त्यापेक्षा पेटीतले पेलाभर पाणी रात्रभर उघडे ठेवून त्याचा पीएच घ्यावा, आणि वायू चालू असताना पेटीचा पीएच त्याच्याशी ताडून पाहावा. एक अंशाने खाली आला, म्हणजे वायू मूळच्या दसपट झाला, तेथेच थांबावे.

बाजारात ड्रॉप चेकर नावाचे काचेचे छोटे भांडे मिळते. त्यातील ब्रोमोथायमॉल ब्लूचे द्रावण निळे असले तर वायू कमी, हिरवे असले तर बेताचा, पिवळे झाले तर फाजील. साधन चांगले आहे, पण ते तास-दोन तास मागे चालते. आताच्या संकटाची वार्ता ते दुपारनंतर देते. म्हणूनच जुने जाणते लोक रंगाआधी माशांकडे पाहतात. मासे वर येऊन घुटमळू लागले, कल्ले जलद हलू लागले, गाळणीच्या पाण्याच्या धारेजवळ सगळे गोळा झाले, रंग उतरला, तर द्रावण हिरवे असो वा नसो, वायू जास्त झाला. वायूत वाढ करावयाची ती दोन-चार दिवसांआड, अगदी थोडी, आणि ज्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरी राहावयाचे आहे, अशाच दिवशी. सकाळी चावी फिरवून कचेरीला निघून जाणे हा या छंदातला सर्वांत महागडा आळस आहे.

सिलिंडरची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते, आणि ती माशांपेक्षा माणसांसाठी. पंचवीस अंशांवर त्यात हवेच्या दाबाच्या साठ पटींहून अधिक दाब असतो. एकतीस अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. तंजावरच्या उन्हाळ्यात एकतीस अंश म्हणजे पहाटेचा गारवा! तेव्हा सिलिंडर उन्हात, खिडकीशी किंवा बंद मोटारीत ठेवू नये, आडवा ठेवू नये, आणि पडणार नाही असा बांधून ठेवावा. त्याची ठरावीक मुदतीने दाबाची परीक्षा करावी लागते आणि तिची तारीख त्याच्या मानेवर ठोकलेली असते. ती न पाहता भरून घेऊ नये. स्वस्त रेग्युलेटरची एक खोड आहे: सिलिंडर संपत आला, की तो अचानक जास्त वायू सोडतो. सिलिंडर पुरता रिकामा होऊ न देता बदलणे हाच त्यावर उपाय. हा वायू हवेपेक्षा जड असून त्याला रंग-वास नाही. आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये न्योस सरोवराच्या तळाशी साठलेला हाच वायू २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री उसळून बाहेर आला आणि दऱ्यांतून वाहत जाऊन त्याने सतराशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. घरातला सिलिंडर म्हणजे न्योस नव्हे. पण तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व उंच बंद खोलीत एक किलो वायू गळला, तर खोलीतील हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाते. डोके जड करावयास ते पुरेसे आहे. लहान मुले निजतात त्या खोलीत सिलिंडर नसावा.

सिलिंडर परवडत नाही म्हणून कित्येक जण बाटलीत साखर किंवा गूळ आणि यीस्ट घालून वायू काढतात. युक्ती नामी आहे, परंतु यीस्टला रात्र-दिवस कळत नाही. उष्ण हवेत ते चौपट जोमाने काम करते, मध्यरात्रीही थांबत नाही, आणि नळी तुंबली तर बाटली फुटते. काचेची बाटली या कामी कधीही वापरू नये.

इतके सांगितल्यावर कोणी विचारील, की मग हा खटाटोप करावाच का? प्रश्न रास्त आहे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही आपला कर्ब मिळवू शकतात; क्रिप्टोकोरीनच्या सावलीप्रिय जाती मंद उजेडात, मंद चालीने, पण समाधानाने वाढतात. या वनस्पती दक्षिणेच्या ओढ्या-तळ्यांतून पूर्वापार आहेत. उजेड बेताचा ठेवला, मासे थोडे ठेवले, तर सिलिंडराशिवाय हिरवीगार पेटी उभी राहते, आणि नव्याने छंद धरणाऱ्याने पहिले वर्ष तरी तेवढ्यावर काढावे. ज्याला माशांची चाल-ढाल ओळखता येऊ लागली, त्यानेच पुढे वायूला हात घालावा. लाल पानांची हौस थांबू शकते.

तरीही चूक होते. झडप अडकते, टायमर बंद पडतो, आणि मास्तर पहाटे उठून पाहतात, तो सारे मासे तोंडे वर करून पृष्ठभागाशी टेकलेले, दोन-तीन तर कुशीवर कललेले. अशा वेळी पीएच चढविण्यासाठी सोडा किंवा औषधे पाण्यात ओतू नयेत. धक्क्यावर धक्का बसतो. आधी वायू सिलिंडरलाच बंद करावा. खिडक्या उघडाव्यात. हवेचा पंप पूर्ण जोराने लावावा, गाळणीचे तोंड वर करून पाण्याला खळबळ द्यावी; पंप नसेल, तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे. पृष्ठभाग हलला, की फाजील वायू निघून जातो आणि प्राणवायूही आत येतो. मग पेटीतील तिसरा हिस्सा, फार तर निम्मे, पाणी काढून तितक्याच उष्णतेचे, क्लोरिन काढलेले ताजे पाणी घालावे. दिवे लावण्याची घाई नको. दमलेल्या माशांना अंधार बरा. कललेले मासे पुष्कळदा तास-दीड तासात सरळ होतात आणि एकेक करून पानांच्या आडोशाला जातात. कोणता मासा शेवटी उतरला, हे मास्तरांनी वहीत टिपून ठेवावे, कारण पुढच्या वेळी तोच आधी वर येईल. त्या दिवशी वायूची चावी पुन्हा उघडत नाहीत.